निळू फुले : वाड्यातला पाटील आणि वाड्याबाहेरचा माणूस

मागच्या वेळी आपण नायकांबद्दल बोललो. आज नायकाच्या शेजारी, बऱ्याचदा त्याच्या समोर उभा राहणाऱ्या नटाबद्दल बोलायचंय. आपण त्याला चरित्र अभिनेता म्हणतो. पोस्टरवर त्याचा चेहरा लहान असतो, पण घरी गेल्यावर नक्कल मात्र त्याचीच होते.

आज मुळशीत बोलतोय, तर इथल्या मातीला जवळचा नट घेऊ. निळू फुले.

नाव घेतलं की हॉलमध्ये हसू फुटलं, बघा. प्रत्येकाला वाड्यावर बोलावणारा तो पाटील आठवला असणार. माझी आई टीव्हीवर ते दिसले की "मेला आला" म्हणायची. आणि गंमत म्हणजे जागची उठायची नाही, पूर्ण सिनेमा बघायची. गावोगावच्या बायका असंच बोटं मोडायच्या. निळूभाऊ ती आपल्या कामाची पावती समजायचे.

आता प्रश्न असा, की हा माणूस मुळात होता कोण?

नीळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. वाड्याशी काही संबंध नाही. तरुणपणी ते पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. दुसरीकडे राष्ट्र सेवा दल. सेवा दलाचं कलापथक ही त्यांची अभिनयाची शाळा. कलापथक म्हणजे काय, हे तरुण मंडळींना सांगायला हवं. गावात जायचं, मिळेल त्या जागी उभं राहायचं, गाणी आणि वग करायचे, आणि हसवता हसवता जातीबद्दल, सत्तेबद्दल बोलायचं. समोरचा प्रेक्षक जमिनीवर बसलेला. कंटाळला की उठून जाणार! तिथे खोटं चालत नाही.

तिकडे ब्रिटनमधला असाच एक नट बघा, पीट पोस्टलथ्वेट. लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमधून घडला. टीव्हीवर 'शार्प' मालिकेत अंगावर काटा आणणारा खलनायक झाला आणि 1996 च्या 'ब्रास्ड ऑफ' मध्ये बंद पडणाऱ्या खाणीतल्या कामगारांच्या बँडचा म्हातारा प्रमुख झाला. तोच चेहरा, दोन टोकं. चरित्र अभिनेत्याचं काम हेच असतं. तो देखणा असावा लागत नाही, त्याने माणसं बघितलेली असावी लागतात.

निळूभाऊंनी ती बघितली होती. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. मग 1968 साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' आला. त्यातला झेले अण्णा. तिथून सिनेमाचा रस्ता सुरू झाला.

1972 मध्ये रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर'. विजय तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. सेन्सॉर, कोर्ट, निदर्शनं, सगळं झालं. पण नटाच्या बाजूने विचार करा. सखाराम शिवराळ आहे, बायका आणून ठेवतो, आणि तरी स्वतःशी एका परीने प्रामाणिक आहे. त्याला नुसता राक्षस केला तर नाटक संपलं. निळूभाऊंनी त्याला माणूस ठेवला. म्हणून तर लोक अस्वस्थ झाले.

आता 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं. 1975 च्या बर्लिन महोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा, सगळ्या परिसराचा मालकच. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, जो एका मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत राहतो. घरी गेल्यावर एकदा फक्त हिंदुरावाच्या आवाजाकडे लक्ष देऊन हा सिनेमा बघा. हा माणूस ओरडत नाही. शब्द ओढून बोलतो, डोळे बारीक करतो, थांबतो. का? कारण ज्याच्या हातात खरी सत्ता आहे त्याला ओरडायची गरजच नसते. ओरडतो तो घाबरलेला असतो. हे निरीक्षण आहे, आणि ते गावातच मिळतं.

लगेच 1979 चा 'सिंहासन' घ्या. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, दिग्दर्शक तेच. इथे निळूभाऊ सत्तेत नाहीत. ते दिगू टिपणीस आहेत, पत्रकार. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीही करू न शकणारा. 'सामना' त जे डोळे दुसऱ्याला घाबरवतात, तेच इथे हतबल दिसतात. 1984 च्या 'सारांश' मध्ये पुन्हा सत्तेच्या बाजूला, गजानन चित्रे नावाचा राजकारणी. भाषा हिंदी, पण दहशत तीच, शांत.

मग आपण त्यांना काय दिलं? एक साचा. तोच पाटील, तोच फेटा, तीच वाईट नजर. दिगू टिपणीसची नक्कल कुणी करत नाही. हे मला बोचतं. नट मोठा होता, आपली आठवण लहान निघाली.

आणि पडद्याबाहेर? अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. डॉ. लागूंसोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला हात लावला. त्यासाठी नामवंत कलाकारांनी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले आणि त्या पैशातून पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. म्हणजे पडद्यावर गरिबाला नाडणारा माणूस गरिबासाठी झटणाऱ्याच्या चुलीची काळजी करत होता. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 ला पुण्यात ते गेले.

शेवटी मुळशीकडे येतो. शंभर वर्षांपूर्वी इथल्या जमिनी धरणात गेल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. नंतर उरलेल्या जमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या. 2018 मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला, त्यात जमीन घालवून बसलेला बाप मोहन जोशींनी केलाय. नव्वदच्या दशकात हिंदी पडद्यावर खलनायक म्हणून गाजलेले हेच मोहन जोशी. इथे खांदे पडलेला शेतकरी. निळूभाऊंच्या पिढीने जमीन कोण खातं ते दाखवलं. या सिनेमाने ती गेल्यावर घरात काय उरतं ते दाखवलं. दोन्ही वेळा ओझं चरित्र अभिनेत्याच्या खांद्यावर होतं.

तेव्हा एक विनंती. आज रात्री निळूभाऊंची नक्कल करू नका. 'सिंहासन' लावा, आणि दिगूकडे बघा.

आता प्रश्न घेऊ.