खंडाने की विकत? – एका मोटारीचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

विजेवर चालणारी मोटार ही आता केवळ शहरातील श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. हिरव्या पाटीची गाडी आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतही दिसू लागली आहे. अशी छोटी गाडी विकत घ्यावी की भाड्याने, हा प्रश्न २०२४ च्या दिवाळीत आमच्याच घरात उभा राहिला. त्या निमित्ताने जे थोडेबहुत समजले, ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा दादा एम.आय.डी.सी.त कामाला आहे. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याची मोटारसायकल घसरली. जिवावरचे बोटावर निभावले, पण आप्पांनी तेव्हापासून छोट्या गाडीचे मनात घेतले. दादाची शिल्लक होती, ती पुरी पडत नव्हती. कमी पडणारे दोन लाख रुपये बँकेत मुदत ठेवीत होते आणि ती ठेव माझ्या पुढच्या शिक्षणासाठी होती. आप्पा म्हणाले, “तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकतेस ना? मग काय परवडतं ते तूच मांडून दाखव.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वही घेऊन बसले खरी. पण हिशेब करणारीच त्या हिशेबातली एक रक्कम होती!

विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे तिची बॅटरी. बेंगळुरूची ‘रेवा’ ही छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या काही वर्षांनी बदलाव्या लागत. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या पुष्कळ टिकाऊ आहेत. कंपन्या सहसा आठ वर्षांची हमी देतात. तरीही वय वाढेल तशी बॅटरीची साठवणशक्ती घटते. शिवाय नव्या बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या, की जुन्या गाडीला गिऱ्हाईक कमी भावाने मागते. पाठ्यपुस्तकात आपण ‘घसारा’ हा शब्द पाठ करतो, तो हाच.

हा घसारा कोणी सोसायचा, यावरून तीन मार्ग निघतात. पहिला, सर्व गाडी विकत घेणे, घसारा आपला. दुसरा, संपूर्ण गाडी ठराविक मुदतीच्या कराराने भाड्याने घेणे. मुदत संपली की गाडी परत, हाती काही उरत नाही, पण पुढे तिची किंमत काय येईल याची चिंताही उरत नाही. तिसरा मार्ग मधला आहे : गाडी आपली, बॅटरी भाड्याची.

या तिसऱ्या मार्गाचे उदाहरण म्हणून ‘एमजी कॉमेट’ ही छोटी गाडी घेऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटरीसह तिची सुरुवातीची किंमत ६ लाख ९९ हजार रुपये होती. बॅटरी भाड्याने घेतल्यास ४ लाख ९९ हजार आणि चाललेल्या प्रत्येक किलोमीटरला अडीच रुपये. चार्जिंगचा खर्च दोन्हींत निराळा. हे आकडे पुढे बदलले, परंतु हिशेबाची रीत तीच राहते.

दोन्हींतील फरक बरोबर दोन लाखांचा, म्हणजे माझ्या ठेवीएवढा. बॅटरी विकत घेऊन ती आठ वर्षांत पूर्ण झिजली असे धरले, तर वर्षाला २५ हजार घसारा. दोन लाखांवर सात टक्के दराने बुडणारे व्याज १४ हजार. आमच्या सरांनी वर्गात शिकवलेला ‘संधी खर्च’ तो हा. म्हणजे विकतची बॅटरी वर्षाला ३९ हजारांना पडते. आता भाडे पाहू. दादाचे चालणे महिन्याला हजार किलोमीटर, वर्षाला बारा हजार. अडीच रुपयांप्रमाणे ३० हजार. म्हणजे भाडे नऊ हजारांनी स्वस्त! मला मनातून आनंद झाला. माझी ठेव वाचली होती.

आप्पांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “हे अर्धलीचं आहे की खंडाचं?”

शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. अर्धलीने केलेल्या शेतात पीक येईल त्याची वाटणी होते. पिकले नाही तर मालकालाही काही नाही. खंडाने घेतलेल्या शेतात पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मोजावीच लागते. मी कराराचा कागद पुन्हा वाचला. किलोमीटरला अडीच रुपये ही अर्धली होती. पण खाली बारीक अक्षरांत महिन्याला किमान १५०० किलोमीटरांचे भाडे देण्याची अट होती. गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याला ३,७५० रुपये, वर्षाला ४५ हजार. अर्धलीच्या नावाने तो खंडच होता!

हिशेब उलटला. तीस हजारांना भाडे स्वस्त, पंचेचाळीस हजारांना महाग. वरील आकड्यांनी दोन्ही बाजू महिन्याला १३०० किलोमीटरांवर समान होतात. त्याहून कमी फिरणाऱ्याने भाडे घ्यावे, जास्त फिरणाऱ्याने विकत घ्यावे. मात्र किमान अट १३०० च्या वर असेल, तर कमी फिरणाऱ्यालाही भाडे महागच पडते. बॅटरी आठ वर्षांहून अधिक टिकली, तर विकतचे पारडे आणखी जड. उलट, ज्याची नोकरी बदलीची आहे आणि दोन-तीन वर्षांनी ज्याला गाडी नकोच आहे, त्याने संपूर्ण गाडी भाड्याने घेणे श्रेयस्कर. परंतु मुदतीआधी सोडल्यास दंड किती आणि ओरखड्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी विचारून घ्यावे.

तो कागद घडी घालून पुस्तकात ठेवावा, असे एक क्षणभर मला वाटले, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या विश्वासाने आप्पांनी वही पुढे केली होती, तो मोडवेना. मी दोन्ही बेरजा वाचून दाखवल्या आणि म्हटले, “आप्पा, विकत घेणंच परवडतं. ठेव मोडावी लागेल.”

आप्पा काही बोलले नाहीत. दादाच म्हणाला, “बाजारात गाड्या काही संपत नाहीत. कंपनीची बस फाट्यावर येते, एवढा काळ तिनं जाईन. दोन लाख साठले की बॅटरीसकट घेऊ.”

दादा अजून बसनेच जातो. थोडे साठले आहेत, थोडे साठायचे आहेत. ठेव आहे तशीच आहे. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ अशी म्हण आहे. भाड्याचे पोते नेहमीच रिते असते असे नाही. पण ते खांद्यावर घेण्यापूर्वी उघडून, तळापर्यंत हात घालून पाहावे, एवढेच मला या हिशेबाने शिकवले.