ओसरीवरचे गोळ्यांचे दुकान

वाचकहो, लहानपणी मुठीत नाणे घट्ट धरून आपण ज्या दुकानाकडे धावत असू, ते दुकान क्षणभर आठवून पाहा. एखाद्या घराची ओसरी, फळीवर ओळीने मांडलेल्या काचेच्या बरण्या, त्यांत लिमलेटच्या नारिंगी गोळ्या, श्रीखंडाच्या गोळ्या, जिरागोळी, शेंगदाण्याची चिक्की. आणि बरण्यांच्या मागे बसलेले कोणी आजोबा अथवा आजी. गल्लीतील प्रत्येक मूल त्यांना नावाने ठाऊक असे. आज आपण स्वतः त्या वयाला पोहोचलो आहोत. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आहेत, दुपार सरता सरत नाही, आणि मनात येते, की आपणही असे एक दुकान का काढू नये?

हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाची झळ पोहोचते, आणि तिचा परिणाम मनावर तसाच शरीरावरही होतो. ओसरीवरचे दुकान उंबऱ्याशी माणसे आणते. मात्र हे दुकान तीन मर्यादा पाळून चालवले तरच ते हितावह ठरते : आपल्या गाठीच्या पैशाची, आपल्या शरीराची, आणि ज्यांना आपण गोळ्या विकणार त्या मुलांच्या प्रकृतीची. या तिन्हींचा विचार क्रमाने करू.

साखरेच्या जिल्ह्यातील गोडवा

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, साखरेचाच जिल्हा आहे. लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला १९५० साली प्रारंभ झाला. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा असे कारखान्यांचे जाळे विणले गेले. पाडव्याच्या गुढीला साखरेची गाठी, संक्रांतीला तिळगूळ, मढीच्या अथवा मोहटादेवीच्या यात्रेहून परतताना रेवडी-बत्तासे, असा आपला वर्षक्रमच गोड आहे.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगावचा साखर उद्योग सुरू केला. तेथील ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ या गोळ्यांनी आपल्या दोन पिढ्यांचे बालपण गोड केले. ही नाममुद्रा २०२४ साली रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. यातून आपण एवढेच ध्यानी घ्यावे : गोळी रुपयाला विकली जाते आणि तिच्यावरचा नफा पैशांत मोजावा लागतो. एवढी कीर्ती असलेल्या गोळ्यांनाही या बाजारात दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला, तर ओसरीवरच्या दुकानाने श्रीमंत होण्याची आशा बाळगू नये.

पैशाची मर्यादा

म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. समजा, आपण एकूण पंधरा हजार रुपये बाजूला काढले. त्यांपैकी सहा हजार फळ्या, बरण्या, खुर्ची आणि दिव्यासाठी, सात हजार मालासाठी आणि दोन हजार अडीअडचणीसाठी. रोज सहाशे रुपयांची विक्री झाली आणि शेकडा पंधरा रुपये सुटले, तर महिन्यातील पंचवीस दिवसांत बावीसशे पन्नास रुपये मिळतील. वीज आणि खराब झालेला माल यांपोटी साडेचारशे वजा केले, तर हाती अठराशे उरतील. म्हणजे सामानाचा खर्च भरून यायला तीन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. यात आपल्या वेळेचे मोल धरलेले नाही, हे विसरू नये.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, दुकानासाठी कर्ज काढू नये. दुसरा, औषधोपचारासाठी राखलेल्या ठेवीला हात लावू नये. तिसरा, उधारी ठेवू नये. ‘आज रोख, उद्या उधार’ ही जुनी पाटी आजही तितकीच शहाणपणाची आहे. याला एक घरगुती पुरवणी जोडावी लागते. नातवंडांसाठी दुकानातील बरणी सदैव उघडी ठेवणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे; फरक इतकाच, की येथे हलवाई आपणच असतो.

माल एकाच वेळी भरमसाट आणू नये. नगर शहरातील वाचकांना आडते बाजार जवळ आहे. तालुक्याच्या गावी ठोक दुकानदार अथवा आठवड्याला फेरी मारणारा विक्रेता असतोच. प्रथम आठ-दहा प्रकार पुरेत. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हात चॉकलेट वितळते आणि पावसाळी हवेत उघडी गोळी चिकट होते, म्हणून उन्हाळ्यात चॉकलेट टाळावे आणि बारमाही घट्ट झाकणाच्याच बरण्या वापराव्यात.

नोंदणी आणि नियम

दुकान कितीही लहान असो, खाद्यपदार्थ विकायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करावी लागते. २०११ च्या नियमांनी वार्षिक बारा लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी आणि वर्षाला शंभर रुपये शुल्क ठरवले होते. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरातील तरुणाकडून पाहून घ्यावा. चिक्की अथवा लाडू घरी करून विकणार असाल, तर अर्जात विक्रीबरोबर उत्पादनाचाही उल्लेख करावा. आपण भाड्याच्या घरात अथवा सोसायटीत राहत असाल, तर मालकाची वा संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी.

याहून महत्त्वाचे दोन नियम मुलांच्या हितासाठी आहेत. शाळकरी मुलांच्या आहाराविषयी २०२० साली झालेल्या नियमांनुसार साखर, मीठ अथवा स्निग्धांश अधिक असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. आपले घर शाळेला लागून असेल, तर गोळ्यांचे दुकान तेथे नकोच. चणे-फुटाणे, केळी, पेरू, वह्या आणि पेन्सिली यांचे दुकान मात्र खुशाल काढावे. दुसरा नियम तंबाखूचा. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे, दोन्ही निषिद्ध आहे. फेरीवाला विक्रेता म्हणेल, “आजोबा, चार पुड्या ठेवा, दुकान त्यावरच चालते.” त्याला पहिल्याच दिवशी ठाम नकार द्यावा. ज्या फळीवर लिमलेटची बरणी आहे, त्या फळीवर तंबाखूची पुडी शोभत नाही.

बरणीत काय असावे

पाकिटावर निर्मितीची तारीख, वापराची मुदत, हिरवे चिन्ह आणि अन्नसुरक्षेचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहूनच माल घ्यावा. भडक रंगाचा, नाव-गाव नसलेला माल स्वस्त पडला तरी घेऊ नये. ‘म्हातारीचे केस’ म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या साखरेच्या कापसात कापड रंगवण्याचा ऱ्होडामाइन-बी हा रंग आढळल्यामुळे तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. इतक्या दूरची ही वार्ता आपल्या गल्लीलाही लागू पडते.

राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आवळ्याची कँडी, खजूर, मनुका आणि फुटाणे यांना बरण्यांमध्ये अर्धी जागा द्यावी. गावातील नोंदणीकृत महिला बचत गटाकडून हे पदार्थ घेतल्यास ताजेपणाची खात्री राहते. मात्र गूळ घातला म्हणून पदार्थ निर्धोक झाला, असे मानू नये. गूळही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांपर्यंतच, म्हणजे प्रौढ माणसासाठी सुमारे सहा चमचे, असावी असे सांगते. एका कडक गोळीत चार-पाच ग्रॅम साखर सहज असते. म्हणून एका मुलाला एका वेळी एक-दोनच गोळ्या, आणि खाल्ल्यावर चूळ भरण्याची आठवण, हा आपल्या दुकानाचा रिवाज व्हावा.

पाच वर्षांखालील मुलाच्या हाती कडक गोल गोळी, अखंड शेंगदाणा अथवा फुटाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकून जीवावर बेतू शकते. मोठी माणसे सोबत नसतील, तर अशा मुलाला “आईला घेऊन ये” म्हणावे.

दुकानदाराची प्रकृती

आता आपल्याकडे वळू. दुकानाची वेळ शरीराने ठरवावी, गिऱ्हाइकाने नव्हे. सकाळी दीड तास, सायंकाळी अडीच तास आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, एवढे पुरे. दुपारचे जेवण, औषधे आणि वामकुक्षी यांच्या आड दुकान येऊ देऊ नये. खुर्ची पाठीला आधार देणारी, हात टेकता येणारी आणि पाय जमिनीला पुरतील अशी असावी. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. जड बरण्या कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे लागणार नाही. आणि वरच्या फळीसाठी स्टुलावर चढण्याचा मोह तर कधीच धरू नये. उंबऱ्याशी पायपुसणे घसरते नसावे, आणि दिवा लखलखीत असावा. खोकणारे-शिंकणारे मूल आले, की हात धुवावेत. फ्लूच्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मधुमेह असेल, तर सर्वांत कठीण परीक्षा बरण्यांशीच आहे. एक गोळी तोंडात टाकली, तर वहीत लिहावी. वही खोटे बोलू देत नाही. ‘साखरविरहित’ गोळ्याही बेताने घ्याव्यात, कारण त्यांतील सॉर्बिटॉल अथवा माल्टिटॉल अधिक पोटात गेल्यास पोट बिघडते. दातांची कवळी असलेल्यांनी चिक्कीपासून दूर राहावे.

इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या काही औषधांमुळे एखाद्या वेळी साखर फार खाली जाते. घाम, थरथर, भोवळ आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी कडक गोळी हळू विरघळते आणि चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. म्हणून तीन-चार चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्यावे, आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. गल्ल्याशेजारी ग्लुकोजची पुडी, पाण्याची बाटली आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा.

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-वडिलांचे दुकान आपण त्यांच्यासाठी चालवू नका. त्यांना चालवू द्या. माल आणणे, नोंदणी करणे आणि भ्रमणध्वनीवरून येणारे पैसे तपासणे, एवढीच कामे आपली. मोबाईलचे पैसे मिळाल्याची खूण वाजल्याखेरीज माल देऊ नये, आणि गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये, हे त्यांना प्रेमाने पुनःपुन्हा सांगावे. आठवड्यातून एकदा हिशोबाची वही शेजारी बसून पाहावी. सुट्टे पैसे देताना वारंवार चूक, एकच माल दोनदा मागवणे, नेहमीच्या गिऱ्हाइकाचे नाव न आठवणे अशा गोष्टी वाढू लागल्या, तर रागावू नये. ती स्मृतीच्या आजाराची प्रारंभीची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. हिशोबाची वही अशी लक्षणे दाखवू शकते.

आणि शेवटी, दुकान कायमचे आहे असे मानून प्रारंभ करू नका. तीन महिन्यांची मुदत ठरवा. पहिल्या दिवशी वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि झोपेचे तास वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नव्वदाव्या दिवशी तेच आकडे शेजारी लिहा आणि त्यांखाली शिल्लक. आकडे बरे असतील, दुपार लवकर सरत असेल आणि गल्लीतील दहा मुले आपल्याला नावाने हाक मारत असतील, तर दुकान पुढे चालू द्या. तसे नसेल, तर उरलेल्या गोळ्या पाडव्याला मुलांना वाटून टाका आणि रिकाम्या बरण्यांत डाळी भरा. त्या खर्चाचा पश्चात्ताप आपल्याला होणार नाही, कारण तो पंधरा हजारांच्या आतच राहिलेला असेल.