कौल बदललं, गळती तशीच

पन्हळी आणि अंगणाचा ढाळ यांवर आज लिहायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो आहे. संगमेश्वरकडच्या एका वाचकभगिनींचं पत्र आलं आहे. माजघरात थेंब पडायचा, म्हणून त्यांनी बरोबर त्याच्या डोक्यावरचं कौल बदललं. पुढच्या पावसात थेंब जिथल्या तिथे. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. ऐन शाकारणीच्या दिवसांत असा प्रश्न हातावेगळा केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

कौलाखाली शिरलेलं पाणी लगेच खाली पडत नाही. ते कौलाच्या पोटाला धरून ओघळतं, रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर उतरतं आणि वाशाच्या उताराने सरकत राहतं. वाटेत गाठ, खिळा किंवा जोड आला की तिथे थेंब धरतो. म्हणून शोध थेंबापासून आढ्याच्या दिशेने घ्यायचा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. कवडसा दिसेल तिथे खालून खराट्याचा हीर खुपसून ठेवा, वर चढणाऱ्याला जागा नेमकी सापडते.

कवडसा दिसला नाही, तर पाण्याचा पाइप घ्या. एक जण आत, एक जण शिडीवर. वळचणीपासून एकेक ओळ भिजवत वर जायचं, आणि प्रत्येक ओळीला दहा-एक मिनिटं तरी द्यायची. आढ्यावरून पाणी सोडलंत तर ते सगळ्याच ओळींवरून वाहील आणि गळणारी ओळ कळणारच नाही.

पुष्कळदा असं दिसतं, की कौल फुटलेलंच नसतं. मंगळुरी कौलाच्या एका कडेला खाच असते आणि शेजारच्या कौलाची कड तिच्यावर बसते. कडेने आत आलेलं पाणी त्या खाचेतून खालच्या कौलावर जायचं असतं. खाचेत आंब्याचा पाला, धूळ आणि शेवाळ साचलं की तिथे बांध पडतो आणि पाणी काठावरून आत उतरतं. कौल काढून काथ्याच्या ब्रशने खाच साफ केली की काम झालं. फटीत सिमेंट लिंपणं मला अजिबात पसंत नाही. त्याने ही वाट कायमची बुजते, आणि पुढे एक कौल काढायचं तर शेजारची दोन फुटतात.

आता या बाईंच्या घराबद्दलचा माझा अंदाज. त्यांनी लिहिलं आहे, की नवं कौल ‘जरा डुगडुगतं’. मला वाटतं, त्यांच्या गळतीचं मूळ तिथेच आहे. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळूरपासून केरळापर्यंत असे कितीतरी कारखाने निघाले. घाट एकच, पण प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. दोन कारखान्यांची कौलं शेजारी ठेवलीत तर खाचेत कड पुरती बसत नाही, बोटाच्या नखाएवढी फट राहते. नैर्ऋत्येचा वारा पावसाला त्या फटीतून सरळ आत ढकलतो. कौल उलटं करून बघा. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. माझ्या पडवीवर तीन नावांची कौलं निघाली. ती मी नावानुसार वेगळी करून एकेका पट्ट्यात बसवली, आणि एकही कौल विकत न आणता पडवी कोरडी झाली.

जोडीची कौलं कमी पडली, तर जुनी घरं उतरवताना ती विकायला निघतात. आपलं एक कौल पिशवीत घालून न्या आणि तिथेच कडेला कड लावून पाहा. पसंत पडलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर आत चीर आहे असं समजा.

चढायचं ते सकाळीच, कौलं तापायच्या आत, आणि खाली कुणीतरी उभं असतानाच. कौलाच्या मध्यावर पाय देऊ नका. खालच्या कडेजवळ, जिथे दोन कौलं एकावर एक येतात आणि खाली रिपेचा आधार असतो, तिथे द्या. त्याहून चांगलं म्हणजे पाखावर शिडी निजवून आढ्याला बांधा आणि तिच्यावरूनच फिरा. पन्हळींचं पुढच्या आठवड्यात नक्की.