अंगणातले पाहुणे (भाग ९) : शिंजिराची बाटली

दौंडहून एका वाचक ताईंचा फोन आला. मुलानं त्यांना ‘हमिंगबर्ड फीडर’ मागवून दिला आहे. लाल तबकडी, वर पारदर्शक बाटली. पेरूच्या झाडाला टांगून वीस दिवस झाले, पण मुंग्यांशिवाय कुणी फिरकलं नाही. त्यांनी काळजीनं विचारलं, “आपल्याकडचे हमिंगबर्ड कमी झालेत का हो?”

ते आपल्याकडे कधी नव्हतेच. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आज जगात आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून दक्षिण टोकापर्यंत. शिरूर-दौंडकडे कुणी ‘हमिंगबर्ड पाहिला’ म्हणालं, तर संध्याकाळी फुलापुढे गुंजारव करत स्थिर राहणारा एक जाडसर पतंग तरी असतो, नाहीतर आपला शिंजीर. अंगणात येणारा आणि फुलातला मकरंद पिणारा, म्हणून आजचा भाग शिंजिराचा.

आपल्या भागात दोन शिंजीर सहज दिसतात. जांभळा शिंजीर लांबून काळाच वाटतो, उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचं पोट पिवळं आणि छातीवर तपकिरी-लाल पट्टा. माद्या दोन्हींच्या साध्या, वरून मळकट, खालून पिवळसर. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगमगाट उतरवतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. त्या दिवसांत पुष्कळांना तो वेगळाच पक्षी वाटतो. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आत. बाकदार चोच आणि टोकाला दुभंगलेली, नळीसारखी गुंडाळलेली जीभ.

हमिंगबर्डशी त्याचं नातं काहीच नाही. दोन वेगळ्या कुळांतले पक्षी एकाच अन्नामागे लागले आणि चोच-जिभेनं सारखे होत गेले. फरक राहिला तो पायांत. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो. शिंजिराला ते क्षणभर जमतं, पण खरी सवय फांदी धरून, वाकून, प्रसंगी उलटं लटकून पिण्याची. ताईंना विचारलं, बाटलीला बसायला दांडी आहे का? नव्हती. म्हणजे पाहुण्याला बोलावलं आणि पाट मांडलाच नाही. तबकडीच्या कडेला, भोकापासून दोन बोटं खाली, उदबत्तीपेक्षा जरा जाड अशी कडुनिंबाची काडी तारेनं बांधली तरी काम होतं.

बाटली घ्यायचीच असेल तर उभ्या नळीपेक्षा उथळ तबकडीची घ्या. रस भोकाच्या खाली राहतो, वाऱ्यानं गळत नाही, मधमाश्यांना पोचायला अवघड जातं. पिवळी प्लॅस्टिकची फुलं असलेली टाळा, पिवळ्यावर माश्या फार येतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती पूर्ण उघडून आत ब्रश घालता आला पाहिजे. दिसायला कितीही सुंदर असो, जिच्या आत हात पोचत नाही ती बाटली पक्ष्याला आजारी पाडते.

रस करायला शंभर ग्रॅम पांढरी साखर आणि चारशे मिलीलिटर पाणी पुरतं. उकळून गार करायचं. पक्षी पितात त्या फुलांतला मकरंद साधारण इतकाच गोड असतो. रंग घालू नका. मध नको, तो पातळ केला की लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. गोळीची साखर तर मुळीच नको, तिच्यात पक्ष्याला पोसणारं काही नाही. दौंडकडच्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. केडगाव-यवतकडे गुऱ्हाळं पेटली की घरात ताजी काकवी असते आणि रासायनिक साखरेपेक्षा ती बरी, असं मनात येणं साहजिक आहे. आपल्यासाठी ते खरं असेल, पण गुळात-काकवीत लोह आणि इतर क्षार असतात, मकरंदात ते जवळपास नसतात. शिंजिराला साधी साखरच द्या.

मुंग्यांसाठी तारेला ग्रीस किंवा तेल चोपडू नका. पिसांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही. टांगायच्या तारेत मधोमध पाणी भरलेली वाटी बसवा, मुंगी तिथं अडते.

आता अडचणीची गोष्ट. आपला हा पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आतबाहेर. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, माळावर नेपतीला लाल फुलं येतात, तेव्हा शिंजिराला तुमच्या बाटलीची गरज नसते. वैशाखात माळ करपतो, तेव्हा असते. आणि नेमका तेव्हाच पारा चाळिशीपार जातो नि साखरपाणी दिवसभरात आंबतं. म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी रस बदलायचा, बाटली गरम पाण्यानं धुवायची, दाट सावलीत टांगायची आणि एका वेळी पन्नास मिलीलिटरपेक्षा जास्त भरायचं नाही. हे रोज होणार नसेल तर बाटली टांगू नका. मला हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

त्यापेक्षा झाड लावा, असं माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं होत गेलं आहे. झाड रस रोज ताजा करतं, धुवावं लागत नाही. पक्षी आणि फुलं यांच्या या देवघेवीवर सलीम अली यांनी १९३२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं होतं. शिंजीर फुकट पीत नाही. कपाळाला परागकण लावून पुढच्या फुलाकडे नेतो. (कधीकधी चोरीही करतो, लांब फुलाला बुडाशी भोक पाडून थेट रस ओढतो.) बाटलीतून पिताना ही देवघेव होत नाही.

घोडनदीकाठच्या किंवा कालव्याखालच्या गावात जास्वंद लावा, पण एकेरी पाच पाकळ्यांची. दुहेरीच्या पाकळ्यांच्या गर्दीत चोच अडते. कोरफडीला दांडा येऊ द्या. शेवगा असेल तर फुलं सगळी भाजीला ओरबाडू नका. बांधावरची रुई उपटायची घाई नको. आंब्यावरचं बांडगूळ शेतकऱ्याला नकोसं असतं हे मान्य, पण बांधावरच्या एखाद्या जुन्या झाडावरचं राहू दिलं तर त्याच्या नळीदार फुलांवर शिंजीर दिवसभर असतो.

डाळिंबवाल्यांना एक विनंती. बहार धरल्यावर फुलांवर शिंजीर येतात, आणि फुलोऱ्यात फवारणी झाली की तेच फूल त्यांच्या तोंडात जातं. शिवाय पिल्लं साखरेवर वाढत नाहीत. आईबाप त्यांना कोळी, अळ्या, बारीक किडे भरवतात. घरट्यालाही कोळ्याचं जाळंच लागतं. मादी एकटी गवत, साल, कचरा जाळ्यानं विणून लोंबती पिशवी करते, दारावर छोटी पडवीसुद्धा काढते. बऱ्याचदा ती बोगनवेलीला किंवा थेट कपडे वाळत घालायच्या तारेला असते. दिसली तर पिल्लं उडून जाईपर्यंत कपडे दुसरीकडे वाळवा. अंडी-घरट्याला हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि त्या दिवसांत नर गाडीच्या आरशावर चोची मारत असेल तर आरशाला पिशवी बांधा. त्याला तिथं दुसरा नर दिसत असतो.

ताईंशी बोलताना सहज कळलं की मोरीच्या पाण्यावर त्यांची केळ आहे, शेजारी कर्दळही. केळीला घड लागला होता आणि केळफूल रविवारी भाजीसाठी काढायचं ठरलं होतं. मी त्यांना ते राहू द्यायला सांगितलं. केळफुलाचं एकेक जांभळं पान उचललं जातं आणि खालच्या फुलांच्या रांगेत दाट, गोड रस भरलेला असतो. शिंजीर त्या दांड्याला धरून उलटा लोंबकळतो आणि एकेक फूल रिकामं करत जातो. पाटही तयार, ताटही तयार, आणि पुढचं पान उचललं की पुढची रांग.

भाजी शेजारच्या केळफुलाची झाली. बाटलीला काडी बांधून ताईंनी ती पेरूवरून काढली आणि केळीपासून हातभर अंतरावर सावलीत टांगली आहे.