सोपाऱ्याच्या स्तूपाचा मूळ लेख कसा शोधावा?

नालासोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ हे टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणले. आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ मूर्ती मिळाल्या. हे वर्णन अनेक पुस्तकांत येते. पण एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिले असेल, तर खरे-खोटे कसे ठरवायचे? खणणाऱ्याने स्वतः काय नोंदवले, ते पाहायला हवे.

त्यांच्या इंग्रजी लेखाचा संदर्भ असा दिला जातो : रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जर्नल, खंड १५, पृष्ठे २७३ ते ३२८. तो घेऊन आपण मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात गेलो, तर लेखाचे शीर्षक शोधत बसू नये. ग्रंथालयाच्या तालिकेत सहसा नियतकालिकाची नोंद असते, त्यातील प्रत्येक लेखाची नसते. म्हणून आधी जर्नलचे नाव, मग खंड, शेवटी पृष्ठ हा क्रम ठेवावा. नावही त्या काळचेच घ्यावे. ही संस्था आज ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ म्हणून ओळखली जाते. जुने खंड मात्र जुन्या नावाने छापलेले आहेत.

हवा तो खंड तेथे नसेल, तर तो कोणत्या ग्रंथालयात मिळेल हे ग्रंथपालांना विचारावे. फोर्टमधील टाऊन हॉलमध्ये खुद्द एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे.

लेख हाती आला, की पुस्तकातील एकेक विधान त्याच्याशी ताडून पाहावे. विद्यार्थ्यांना विज्ञानाची रीत शिकवायला हा प्रयोग प्रयोगशाळेविनाही करता येतो.