इतिहासाचा चर्चावर्ग

जालना येथील मस्तगड निजामुल्मुल्काच्या आज्ञेवरून काबील खानाने इ. स. १७२५ मध्ये बांधला, असे गॅझेटियर सांगते व त्यास तेथील फार्सी शिलालेखाचा आधार देते. परीक्षार्थ्यास एवढे पुरते. विद्यापीठातील पदव्युत्तर सेमिनारात, म्हणजेच चर्चावर्गात, मात्र खऱ्या अभ्यासास येथूनच आरंभ होतो.

ह्या पद्धतीस १८३० च्या दशकात बर्लिन येथे रांके ह्या इतिहासकाराने वळण दिले. अध्यापकाने सांगावे व शिष्यांनी टिपून घ्यावे, हा क्रम तेथे नाही. एकाने मूळ साधनांवरून निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्याची उलटतपासणी करावयाची. महाराष्ट्रात १९१० साली पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने निबंधवाचनाची व चर्चेची हीच शिस्त विद्यापीठाबाहेर रुजविली. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेस लाभले.

समजा, अशा वर्गात मस्तगडावर निबंध वाचला गेला. पहिला प्रश्न येईल तो हा, की लेख प्रत्यक्ष दगडावरून वाचला, ठशावरून, की छापील पुस्तकावरून? दुसरा प्रश्न कालगणनेचा. हिजरी वर्ष चांद्र असून सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. १७२५ च्या सप्टेंबरात हिजरी ११३७ संपून ११३८ लागले. तेव्हा दगडावर महिना नसेल, तर इसवी सन एकच निश्चित कसा धरावा? शिवाय ते वर्ष पायाभरणीचे, की बांधकाम पुरे झाल्याचे?

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये जालन्याच्या ईशान्येस साखरखेर्डा येथे मुबारिझखानाचा पराभव करून निजामुल्मुल्क दक्षिणेत प्रबळ झाला. लगेच पुढल्या वर्षी हा गड उभा राहिला. नव्या सत्तेच्या रक्षणार्थच तो बांधला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु एकामागून एक घडलेल्या गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही. त्यास कागदाचा पुरावा हवा. तो हाती येईपर्यंत ‘संभवनीय’ हाच शब्द योग्य. ‘सिद्ध’ हा नव्हे.

गडाचा ढासळता बुरूज कोणासही दिसतो, पण ग्रंथात शिरलेली चूक एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली जाते. पुराव्याइतकेच बोलण्याची व पुरावा तोकडा पडल्यास आपले विधान मागे घेण्याची सवय ज्यास जडली, त्यास ह्या वर्गाचे फळ मिळाले असे म्हणावे.