पाहुण्यांवरील कर : एडिंबरोचा निर्णय

गांवांत पाहुणा आला म्हणजे त्याला पाणी लागतें, दिवा लागतो, चालावयास रस्ता लागतो, आणि तो गेल्यावर मागें राहिलेला केर कोणालातरी उचलावा लागतो. घरीं आलेल्या पाहुण्याकडे ह्याचे पैसे कोणी मागत नाहीं. परंतु लाखांनीं येणाऱ्या पाहुण्यांचा खर्च एखाद्या शहरानें कोठवर सोसावा, हा प्रश्न निराळा. स्कॉटलंडची राजधानी जें एडिंबरो शहर, तेथील म्युनिसिपल कौन्सिलनें ह्या प्रश्नावर कित्येक वर्षें खल केला आणि २४ जानेवारी २०२५ रोजीं त्याचा निकाल लाविला.

एडिंबरोची वस्ती सुमारें ५ लक्ष. टेकडीवरील किल्ला आणि त्याच्या पायथ्याशीं पसरलेलें जुनें दगडी शहर पाहण्यास वर्षभर माणसें येत असतात. पण ऑगस्ट महिन्यांत, १९४७ पासून चालत आलेल्या कलामहोत्सवाच्या दिवसांत, तेथील बोळांतून वाट काढणें कठीण होतें. हॉटेलवाल्याचा गल्ला भरतो. रस्ते झाडण्याचा व उखडलेली फरशी बसविण्याचा खर्च मात्र कौन्सिलच्या माथीं, म्हणजे पर्यायानें तेथील रहिवाशाच्या माथीं येतो. हॉटेलच्या बिलांतून पाहुणा कर देतो हें खरें; पण तो जातो लंडनच्या तिजोरींत. आपल्याकडेही ह्याहून फारसें वेगळें नाहीं. यात्रेकरूंवर कर बसविण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यांत केलेली होती. परंतु हॉटेलांतील खोल्यांवरचा ऐषआराम कर राज्य सरकार घेत असे, आणि १ जुलै २०१७ पासून तो वस्तु व सेवा करांत विलीन झाला.

एडिंबरोची पहिली योजना फेब्रुवारी २०१९ मधली. दर खोलीमागें दर रात्रीं २ पौंड, असा साधा हिशेब होता. पण कौन्सिलला असा कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तो स्कॉटिश पार्लमेंटनें द्यावयाचा. मध्यंतरीं कोविडची साथ आली, हॉटेलें ओस पडलीं, आणि कायदा होण्यास २०२४ साल उजाडलें. त्या कायद्यानें अधिकार दिला, पण ठराविक रकमेऐवजीं शेंकडेवारीनें कर घेण्याचा. ह्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. ४० पौंडांच्या खोलीवर २ पौंड म्हणजे शेंकडा ५; ४०० पौंडांच्या खोलीवर तेच २ पौंड म्हणजे शेंकडा अर्धाच. जो बेताच्या खोलींत उतरला त्याच्यावर दहापट भार! शेंकडा ५ हा दर ठेवला म्हणजे पहिला २ पौंड देतो आणि दुसरा २० देतो. हॉटेलवाल्यांची तक्रार अशी कीं, भाडें रोज बदलतें, तेव्हां ठराविक रक्कम वसूल करणें सोपें. सोपें आहे खरें. न्याय्य आहे असें म्हणवत नाहीं.

कौन्सिलनें दर शेंकडा ५ ठरविला, आणि सलग मुक्कामाच्या पहिल्या ५ रात्रींपुरताच. तो केवळ निवासाच्या भाड्यावर आहे, जेवणाखाण्यावर नाहीं. ८० पौंडांच्या खोलींत ५ रात्रीं राहणारा २० पौंड देईल, आणि त्याच खोलींत महिनाभर राहणारा नटही २० पौंडच देईल. हॉटेलवाल्यानें हिशेबाच्या खर्चापोटीं वसुलींतील शेंकडा २ आपल्याजवळ ठेवावयाचे. निर्णय व अंमल ह्यांमध्यें १८ महिन्यांचें अंतर हवें असें कायद्याचें बंधन असल्यामुळें २४ जुलै २०२६ ही तारीख ठरली.

उत्पन्नाचा अंदाज २०२८-२९ पर्यंत सालिना ५ कोटि पौंडांपर्यंतचा आहे. येथें खरी गांठ आहे. हा पैसा पाहुण्यांच्या मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडणाऱ्या सोयींवरच खर्च केला पाहिजे, असें कायदा सांगतो. रस्ते, बागा, संडास ह्यांविषयीं वाद नाहीं. परंतु दरसाल ५० लक्ष पौंड कौन्सिलनें घरबांधणीकडे लाविण्याचें ठरविलें आहे. घरें पाहुण्यांसाठीं कशीं? उत्तर असें कीं, राहत्या जागा प्रवाशांना थोड्या दिवसांच्या भाड्यानें दिल्या जाऊं लागल्या. शहरांत घरांची इतकी टंचाई झाली कीं, नोव्हेंबर २०२३ मध्यें कौन्सिलनें निवासाची आणीबाणी जाहीर केली. आणि हॉटेलांत अंथरुणें घालणाऱ्या बाईला शहरांत खोली न मिळेल तर पाहुण्याची सेवा कोण करणार? युक्तिवाद पटण्यासारखा आहे. मात्र ह्या दारांतून एकदां घर आंत आलें म्हणजे उद्यां शाळा, परवां दवाखाना ह्यांनाही तेंच दार उघडें राहील. वसुली व खर्च ह्यांचा वृत्तांत दरवर्षीं देण्याचें बंधन कायद्यानें कौन्सिलवर घातलें आहे. तो हाती येईल तेव्हां एडिंबरोच्या रहिवाशानें आधीं घरांची ओळ शोधावी. फरशीची मागाहून पाहिली तरी चालेल.